अनध्याय

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत माझ्या नातीला शाळेने जो घरचा अभ्यास दिला, त्यात एक तक्ता होता. डाव्या रकान्यात निसर्गात पाहिलेल्या पाच गोष्टी लिहावयाच्या आणि उजव्या रकान्यात ती ती गोष्ट पाहून देवाची आठवण कशी झाली ते एकेका वाक्यात नमूद करावयाचे, असा हुकूम होता. पोरगी हुशार, पाव तासात तिने चार ओळी भरून टाकल्या. सूर्य, गुलाब, मोर आणि नदी. यांपैकी मोर तिने दिनदर्शिकेवर पाहिलेला, गुलाब कोणाच्या तरी वाढदिवसाच्या पुष्पगुच्छात, आणि नदी म्हणजे आमची गाढी, जिच्या पुलावर रिक्षा चढली की ती नाक दाबून धरते. उजवीकडे मात्र चारही ठिकाणी देव किती थोर आणि दयाळू आहे याची बिनतक्रार कबुली होती. पाचव्या ओळीशी ती अडली आणि वही घेऊन माझ्याकडे आली. "आजोबा, पाचवे काय लिहू?" मी त्या दिवशी काहीतरी थातुरमातुर बोलून वेळ मारून नेली, आणि तेव्हापासून तो प्रश्न माझ्या मागे तगाद्यासारखा लागला आहे.

शाळेचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. ज्या काळात सुटीची वाटणी पोहण्याचा वर्ग, बुद्धिबळाचा वर्ग आणि उरलेला सर्व वेळ मोबाईल अशी झाली आहे, त्या काळात मुलांना झाडाकडे पाहा असे सांगणाऱ्या बाईंना नावे ठेवण्याइतका मी कृतघ्न नाही. मला खटकला तो नमुना. पंचनाम्याच्या छापील कागदावर जशी साक्ष घ्यावी तशी त्यात सृष्टीची साक्ष घेतलेली होती. आणि पुरावा वेगळा, आठवण वेगळी, हा भेद त्या दोन रकान्यांच्या मधल्या रेघेत बुडून गेला होता. नैयायिकांनी घटावरून कुंभार सिद्ध करावा तसा जगावरून ईश्वर सिद्ध केला, तो त्यांचा व्यवसायच होता. पण भागवताने भक्तीचे जे नऊ प्रकार सांगितले त्यांत तिसरे स्थान आहे ते स्मरणाला, आणि सिद्धीला त्या नवांत मुळी जागाच नाही. पुरावा अपरिचितालाही देता येतो. आठवण मात्र ज्याची पूर्वी कधीतरी ओळख झालेली आहे त्याचीच होते, आणि ती कोणाच्या मागणीवरून येत नाही.

सुटी या शब्दाला आपल्या परंपरेत एक जुना प्रतिशब्द आहे: अनध्याय. वेदाध्ययन केव्हा बंद ठेवावे याचे नियम धर्मशास्त्रकारांनी मोठ्या बारकाईने घालून दिले आहेत. अमावास्या, पौर्णिमा, अष्टमी, चतुर्दशी या ठरीव तिथी त्यांत आहेतच. परंतु मौज आहे ती न ठरलेल्या सुट्यांची. अवेळी मेघ गडगडला, वीज लवली, उल्का पडली, धरणी हलली, दिवसा धुळीची वावटळ उठली, रात्री वाऱ्याचा घोंघाट कानी आला, कोल्हे ओरडू लागले, की पाठ बंद. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात तर असेही आहे की गुरू आणि शिष्य यांच्यामधून गुरेढोरे, बेडूक, मांजर, कुत्रा, साप, मुंगूस वा उंदीर यांपैकी कोणी गेले, तर एक अहोरात्र अध्ययन थांबवावे. (ज्या ग्रंथाने बहुसंख्य समाजाचा अनध्याय जन्मभराचा करून ठेवला, त्याचा दाखला इतक्या लडिवाळपणे देताना लेखणी अडखळते; आमच्याच जिल्ह्यात, महाडला, २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या सत्याग्रह परिषदेत तो जाळला गेला, आणि ते योग्यच झाले.)

या नियमांच्या मुळाशी अशुभाचे भय होते, हे उघड आहे. तरीही त्यांतून जे चित्र उभे राहते ते मला विलक्षण वाटते. जो शब्द अपौरुषेय, ज्याचा एक स्वर चुकला तर अनर्थ ओढवतो अशी श्रद्धा, तो शब्द एका बेडकासाठी थांबतो! जुन्या घरांत वडीलधारा माणूस माजघरात येण्यापूर्वी उंबऱ्याशी खाकरत असे, आणि त्या एका खाकरण्याने आत चाललेल्या गप्पा, भांडणे, अगदी त्याच्याचविषयी चाललेल्या गोष्टीसुद्धा, क्षणार्धात थांबत. मेघाच्या गडगडाटाला पोथी मिटणाऱ्या त्या बटूंना असेच काही वाटत असेल का? ज्याच्याविषयी घोकत बसलो आहोत तोच दाराशी येऊन खाकरला, तर घोकणे चालू ठेवणे हा शुद्ध अविनय होय.

अनध्यायाचे हे तत्त्व आमच्या पनवेलीत आणखी एका वाटेने नांदत होते, आणि ती वाट पोथ्यांतून जात नव्हती. आमच्या जुन्या कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावर शतकानुशतके राहिलेले बेने इस्रायल हे ज्यू लोक तेल गाळण्याचा धंदा करीत, आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटून वाचलेल्या मूठभर स्त्रीपुरुषांचे आपण वंशज, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. धर्मग्रंथ गेले, हिब्रू भाषा जिभेवरून ओसरली, पोशाख, बोली आणि आडनावे या मुलखाची झाली. चेऊलकर, केहीमकर, पेणकर, रोहेकर अशी त्यांची नावे ऐकून परक्याला काही उमगलेही नसते. एवढे सगळे विसरले, पण सुंता, एक छोटी प्रार्थना आणि आठवड्याची ती एक सुटी ते विसरले नाहीत. ती सुटीदेखील केवळ माणसांची नव्हे; त्या धर्माज्ञेत गुराढोरांनाही विश्रांती सांगितलेली आहे, तेव्हा घाण्याचा बैलसुद्धा त्या दिवशी डोळ्यांवरची झापड काढून मोकळ्या नजरेने आभाळ पाहत असला पाहिजे. सृष्टी घडवून झाल्यावर घडविणारा थांबला, त्याच्या स्मरणार्थ आपणही थांबावयाचे. जे ग्रंथाला राखता आले नाही, ते सुटीने राखले.

पनवेलीत १८४९ साली त्यांचे जे प्रार्थनामंदिर उभे राहिले, त्याचे नाव 'बेथ एल', म्हणजे देवाचे घर. हे नाव त्यांच्या धर्मग्रंथातल्या ज्या गोष्टीतून आले ती पाहावी. याकोब घर सोडून पळालेला, उघड्या माळावर रात्र पडली म्हणून धोंडा उशाशी घेऊन निजतो. स्वप्नात त्याला स्वर्गाला टेकलेली शिडी दिसते. आणि जागा होऊन तो चरकतो, की देव याच जागी होता आणि आपल्याला ठाऊक नव्हते. तो माळ पाहून त्याला देव आठवला नाही. आधी झोप लागली, मग आठवण आली. त्याला कोणी तक्ता दिला असता तर डाव्या रकान्यात त्याने फार तर 'एक धोंडा' असे लिहिले असते.

माझ्या वाट्यालाही असा एक धोंडा आला आहे. कर्नाळ्याचे रान १९६८ साली अभयारण्य झाले. त्याआधी आम्हा पोरांच्या लेखी ते नुसते रान होते, आणि अंगठ्यासारखा वर आलेला तो सुळका म्हणजे सुटीची खूण. मे महिन्याच्या अखेरीस, करवंदे संपत आलेली आणि जांभळे पडू लागलेली अशा दिवसांत, आम्ही सहा भावंडे थोरल्या मामांबरोबर पहाटेच वर चढत होतो. सुळक्याला आग्या मोहोळे असतात, तेव्हा कोणी आवाज करावयाचा नाही, अशी मामांची सक्त ताकीद होती. आणि अर्ध्या वाटेवर कोणीतरी शीळ घातली. स्वच्छ, आळसावलेली, मधूनच सूर विसरून पुन्हा शोधणारी. मामांनी रागाने मागे वळून पाहिले, आम्ही एकमेकांकडे पाहिले. सहाच्या सहा जण तोंडे मिटून उभे होतो. शीळ पुन्हा आली. मामांनी बोटाने आम्हाला मोजले. सहाच. तो शीळकरी कस्तूर होता हे पुढे कळले, आणि इंग्रजांनी त्याला 'शीळ घालणारा शाळकरी' असे नाव ठेवले आहे हे तर फारच पुढे, नोकरीत असताना, कळले. पण त्या पहाटे, आपण सगळे आहोत आणि तरीही मोजणीत न येणारा कोणीतरी एक जास्त आहे, असे जे वाटले, ते पक्ष्याचे नाव कळल्यानंतरही गेले नाही. प्रवासाला निघाल्यावर निम्म्या वाटेत, घरी काहीतरी विसरलो खरे, पण काय, हे आठवत नाही, अशी जी रुखरुख लागते, तिच्या जातीचेच ते होते. फक्त त्यात दुःख नव्हते.

आमच्या लहानपणी घरात निसर्गावरून बोधही पुष्कळ होत असे, आणि मला त्याचा कंटाळा येई. मुंगीवरून उद्योग, बगळ्यावरून ढोंग, सुगरणीवरून गृहिणीधर्म. या शेवटच्या बोधाचा निकाल आमच्याच जिल्ह्यात लागला, याची मला आजही गंमत वाटते. १९३० साली पक्षितज्ज्ञ सालिम अली जर्मनीहून परतले तेव्हा त्यांची संग्रहालयातली जागा पैशाअभावी रद्द झालेली होती. बेकारीची ती सक्तीची सुटी त्यांनी अलिबागजवळ किहीमला काढली, आणि तिथे सुगरणींच्या वसाहतीपुढे बसून दिवसच्या दिवस पाहत राहिले. त्यांना असे आढळले की घरटी विणतो तो नर. अर्धे घरटे झाले की मादी येऊन पाहणी करते, पसंत पडले तर राहते. आणि घर लावून दिल्यावर हा गृहस्थ शेजारच्या फांदीवर दुसऱ्या संसाराची पायाभरणी करू लागतो. गृहिणीधर्माचे पुढे काय झाले ते वाचकांनी ठरवावे. अली काही देव शोधायला बसले नव्हते. परंतु समोर जे आहे त्याला आपला धडा न शिकवता, ते काय आहे एवढेच पाहत इतके दिवस बसणे, हे मला पुष्कळ बोधकथांपेक्षा उपासनेच्या अधिक जवळचे वाटते.

पाहण्याच्या या शिक्षणाविषयी मराठीत सर्वांत स्वच्छ कोणी सांगितले असेल तर ते विनोबांनी. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली दर रविवारी, म्हणजे कैद्यांच्या सुटीच्या दिवशी, ते गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरून घेत. २४ एप्रिलच्या रविवारी दहावा अध्याय, विभूतियोग, होता. सृष्टी हे लहान मुलाचे पहिले पुस्तक आहे असे धरून विनोबांनी सांगितले की मुलाला अक्षरे आधी मोठी काढून दाखवितात, मग लहान. आधी साधी, मग जोडाक्षरे. आई, सूर्य, गंगा ही मोठी आणि साधी अक्षरे. ती कोणालाही वाचता येतात. परंतु पुस्तक तिथे संपत नाही. रामात देव दिसणे हे साधे अक्षर. रावणात दिसणे हे जोडाक्षर. गीतेतल्या विभूतींच्या त्या यादीत अश्वत्थ आणि हिमालय आहेत तसा वासुकी नाग आहे, मगर आहे, फसविणाऱ्यांचा जुगार आहे, आणि सर्वांना हरण करणारा मृत्यूही आहे.

विनोबांची ही जोडाक्षरे पुस्तकी नव्हती. ते आमच्या शेजारच्या पेण तालुक्यातले, गागोद्याचे. आणि त्यांच्या आजोबांची एक गोष्ट त्यांनी सांगून ठेवली आहे. आजोबा पूजेला बसले असता देवाच्या मूर्तीवरच विंचू आढळला. घरात आरडाओरडा झाला, कोणी मारायला धावले. आजोबांनी सर्वांना थांबविले: तो देवाला शरण आलेला आहे, त्याला हात लावायचा नाही. मग त्यांनी गंध, फूल, नैवेद्य असा सर्व उपचार विंचवासकट पूर्ण केला, आणि यथावकाश विंचू उतरून निघून गेला. मांजर आडवे गेले म्हणून पाठ थांबविणाऱ्या स्मृतिकारांच्या पुढे हे पाऊल आहे. इथे व्यत्यय आला म्हणून पूजा थांबली नाही. व्यत्ययच पूजेत घेतला गेला.

इथपर्यंत लिहून मी थांबलो होतो, आणि लेख इथेच संपविला असता तर तो अधिक गोड झाला असता. परंतु पनवेलीत राहून, दर पावसाळ्यात चौकच्या रस्त्याने जाऊन, ते मला जमणार नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतली ठाकरांची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले; ५७ माणसे बेपत्ता राहिली, आणि चार दिवसांनी शोध थांबविण्यात आला. ज्या डोंगराकडे बोट दाखवून मी नातीला 'बघ, किती सुंदर' असे म्हणालो होतो, तोच डोंगर तो. वाडीतली कित्येक मुले वाचली ती आश्रमशाळेत निवासाला होती म्हणून. शाळा चालू होती म्हणून. सुटी असती तर ती घरी असती. सुटीची आणि अनध्यायाची एवढी थोरवी गाणाऱ्या माझ्यासारख्याने ही गोष्ट रात्री निजताना आठवावी आणि मग आपले वाक्य पुन्हा वाचून पाहावे. ज्या पोरांना रानातल्या प्रत्येक पाखराचे नाव ठाऊक, कोणत्या उंबराला केव्हा फळ धरते ते ठाऊक, ज्यांना निसर्ग पाहायला कोणत्याही शिबिराचे शुल्क भरावे लागले नाही, त्यांच्यापुढे कोणता तक्ता ठेवावा? मृत्यू ही माझी विभूती आहे हे रथावर बसून ऐकणे निराळे. मला हे जोडाक्षर वाचता येत नाही. त्याखाली बोट ठेवून मी पुष्कळ वेळ बसलो आहे, एवढेच सांगतो; आणि ते वाचता येते असे चटकन म्हणणाऱ्या माणसाच्या भक्तीविषयी मला थोडा संशय वाटतो.

जूनमध्ये शाळा उघडली. नातीने पाचवी ओळ तशीच सोडली होती. मीही ती भरून दिली नाही. बाईंनी वही तपासून परत दिली तेव्हा सूर्य, गुलाब, मोर आणि नदी यांच्यापुढे लाल शाईने बरोबरच्या चार खुणा होत्या, आणि पाचव्या कोऱ्या जागेत एक ठसठशीत प्रश्नचिन्ह.