औषध दवाखान्यात, बरे होणे गावात



जानेवारी महिन्याचा शेवटचा रविवार जगभर कुष्ठरोग दिन म्हणून पाळला जातो. राउल फॉलेरो या फ्रेंच कॅथलिक गृहस्थांनी 1954 साली त्याची सुरुवात केली. आपल्या देशात तो 30 जानेवारीला, गांधीजींच्या पुण्यतिथीला पाळतात. त्या निमित्ताने आज आपण स्वतःलाच एक प्रश्न विचारू या. ज्या आजारावर खात्रीचे औषध आहे आणि ते सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, त्या आजाराच्या माणसाबद्दल आपले काही कर्तव्य उरते का? की ते आता फक्त डॉक्टरांचे काम झाले?

संत मार्कच्या शुभवर्तमानात पहिल्याच अध्यायात एक कुष्ठरोगी प्रभू येशूकडे येतो. तो बरे करण्याची मागणी करत नाही. तुमची इच्छा असेल तर तुम्ही मला शुद्ध करू शकता, एवढेच म्हणतो. प्रभूच्या सामर्थ्याबद्दल त्याला शंका नव्हती. शंका होती ती इच्छेबद्दल. इतकी वर्षे कोणालाच तो जवळ नको होता, मग यांना तरी का हवा असेल? प्रभू नुसत्या शब्दाने त्याला बरे करू शकले असते. पण त्यांनी आधी हात लावला. मग त्याला सांगितले, जा आणि स्वतःला याजकाला दाखव.

याजकाला का दाखवायचे? लेवीय पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात याचे उत्तर आहे. अंगावर चट्टा उठला की माणसाने याजकाकडे जायचे. शंका असेल तर याजक त्याला सात दिवस वेगळा ठेवी, पुन्हा पाही, आणि मगच निर्णय देई. त्या काळच्या समजुतीत त्वचेचे अनेक आजार एकाच नावाखाली येत. कपड्यावर आणि घराच्या भिंतीवर पडलेले डागसुद्धा त्यातच धरले जात. ज्याला अशुद्ध ठरवले त्याने वस्तीबाहेर राहायचे, आणि बरा झाला तर याजकाने त्याला परत आत घ्यायचे. म्हणजे चट्टा जाणे हे अर्धे बरे होणे होते. उरलेले अर्धे, वस्तीत परत येणे, हे इतरांच्या हातात होते. आजही ते इतरांच्याच हातात आहे.

1873 हे साल आपण लक्षात ठेवावे असे आहे. त्या वर्षी नॉर्वेतील बर्गन शहरात गेरहार्ड हान्सेन या डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाखाली कुष्ठरोगाचे जंतू पाहिले. तोवर लोक याला शाप म्हणत, पूर्वजन्मीचे पाप म्हणत, घराण्यात चालत आलेला रोग म्हणत. हान्सेन यांनी दाखवले की हा जंतूंमुळे होणारा आजार आहे. त्याच वर्षी मे महिन्यात बेल्जियमचे तरुण धर्मगुरू फादर डेमियन हवाई बेटांतील मोलोकाई येथे उतरले. कुष्ठरोग्यांना तिथे नेऊन सोडले जात असे. फादरांनी त्यांच्या जखमा बांधल्या, त्यांच्यासाठी घरे उभारली, त्यांच्या शवपेट्या केल्या. पुढे एकदा पायावर कढत पाणी पडूनही त्यांना चटका जाणवला नाही, तेव्हा आपल्यालाही हा आजार झाल्याचे त्यांना कळले, असे सांगतात. 1889 साली ते तिथेच वारले. 11 ऑक्टोबर 2009 रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्यांना संतपद बहाल केले.

एकाने हात दिला, दुसऱ्याने डोळे उघडले. यात थोर कोण, हे ठरवत बसण्याची गरज नाही. फादर डेमियन यांच्याकडे औषध नव्हते आणि हान्सेन यांच्या शोधानंतरही औषध यायला कित्येक दशके गेली. हा जंतू फार हट्टी आहे. प्रयोगशाळेतल्या बशीत तो आजवर कोणालाही वाढवता आलेला नाही. त्याची वाढ इतकी संथ की शरीरात शिरल्यापासून आजार दिसायला साधारण पाच वर्षे लागतात, कधी वीससुद्धा. 1940 च्या दशकात डॅप्सोन आले. काही वर्षांनी एकट्या डॅप्सोनला जंतू दाद देईनासे झाले. तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने 1981 साली अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत सुचवली. आज या गोळ्या पाकिटातून मिळतात. सौम्य आजार सहा महिन्यांत आणि मोठा साधारण वर्षभरात बरा होतो. उपचार सुरू झाल्यावर रुग्णापासून इतरांना लागण होण्याचा धोका लवकरच उरत नाही. शिवाय शंभरातल्या सुमारे पंचाण्णव माणसांना या जंतूशी लढण्याची शक्ती उपजतच असते.

मग आजार संपला का? नाही. डिसेंबर 2005 मध्ये भारतात दर दहा हजार लोकांमागे एकाहून कमी रुग्ण उरले आणि सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून कुष्ठरोगाचे दूरीकरण झाल्याचे जाहीर झाले. पण 2023 साली आपल्या देशात एक लाखाहून अधिक नवे रुग्ण सापडले. जगातल्या नव्या रुग्णांपैकी हे निम्म्याहून जास्त आहेत.

औषध असून असे का? कारण औषधापर्यंत माणसाला चालत जावे लागते, आणि वाटेत आपण उभे असतो.

आपल्याच घरचे पाहू या. आशाताई सर्वेक्षणाला येतात आणि विचारतात, कोणाच्या अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आहे का? आपण उंबऱ्यातूनच म्हणतो, आमच्या घरात असले काही नाही. आपण अंग दाखवत नाही, म्हातारीला बाहेर बोलावत नाही, मुलाचा सदरा काढून बघू देत नाही. आपल्याला वाटते, विचारणेच अपमानाचे आहे. खरे तर या आजाराची ओळख साधी आहे. नायट्याला खाज येते, या चट्ट्याला ती येत नाही. तो दुखत नाही. कापसाचा बोळा फिरवला तर तिथे कळत नाही. कोड हा तर संसर्गजन्य आजारच नाही, पण गावात त्याचीही गणती रक्तपितीत होते आणि बिचाऱ्या मुलीचे लग्न अडते. चट्टा दुखत नाही म्हणून माणूस थांबतो, लोक काय म्हणतील म्हणून लपवतो, आणि तोवर नसांना इजा होऊन बोटे वाकतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की बोटे रोगाने सडून गळत नाहीत. वेदना कळत नाही म्हणून ती भाजतात, कापतात, चिघळतात आणि झिजतात.

इथे एक अवघड प्रश्न येतो. रुग्णाच्या घरच्यांना आणि शेजाऱ्यांना रिफॅम्पिसीनचा एकच डोस दिला तर पुढची काही वर्षे त्यांना हा आजार होण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास कमी होते. पण शेजाऱ्यांना डोस द्यायचा तर शेजारी कोणी रुग्ण आहे हे उघड होण्याची भीती असते. म्हणून आधी रुग्णाची संमती घ्यावी लागते. त्याने नाही म्हटले तर? शेजाऱ्याच्या मुलांची त्याला काळजी नाही, असे आपण म्हणावे का? आम्हाला वाटते, तसे म्हणण्याआधी आपण स्वतःला विचारावे: हे कळल्यावर आपण त्याच्या घरचे पाणी प्यालो असतो का? त्याच्या पोरीचे स्थळ मोडले असते का? विहिरीवर त्याच्या बायकोला किती बायकांनी वाट करून दिली असती? बोलणे सुरक्षित करण्याचे काम आपले आहे. ते केल्याशिवाय न बोलणाऱ्याला दोष देता येत नाही.

कोणी म्हणेल, भीती वाटते त्याला काय करणार? घरात लहान मुले आहेत. हे खोटे नाही. बाबा आमट्यांनाही भीती वाटली होती. तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी गटारात पडलेला दिसला तेव्हा ते पळाले होते. ती भीती त्यांना खुपली आणि ते परत आले. 1949 साली त्यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली, आणि त्यातून वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहिले. भीती वाटणे हे पाप नव्हे. पण माहिती समोर असताना ती न घेता भीतीलाच धरून राहणे, आणि त्याची किंमत दुसऱ्याला मोजायला लावणे, हे पाप आहे. हा आजार हात मिळवल्याने किंवा एका पंगतीत जेवल्याने होत नाही. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ सहवासात, मुख्यतः नाकावाटे तो पसरतो.

कायद्यानेही उशिरा का होईना, आपली भीती सोडली. 1898 चा कायदा निराधार कुष्ठरोग्याला वॉरंटाशिवाय पकडून आश्रमात डांबायची मुभा देत होता. तो 2016 साली रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानले जाई. आपल्या ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या 1869 च्या घटस्फोट कायद्यातही ते होते. 2019 साली ते काढून टाकले गेले. कायद्याच्या पुस्तकातून शब्द खोडता येतो. मनातून तो आपला आपणच खोडायचा असतो.

म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर असे: कर्तव्य उरले आहे, फक्त ते सोपे झाले आहे. फादर डेमियन यांना त्यासाठी प्राण द्यावे लागले. आपल्याला फक्त लाज सोडायची आहे. आशाताई आल्या तर घरातल्या सर्वांनी अंग दाखवावे, स्त्रियांनी त्यांच्याकडून आत तपासून घ्यावे. ऊसतोडीला गुजरातकडे जाणाऱ्यांपैकी कोणी औषध घेत असेल तर निघण्यापूर्वी दवाखान्यात सांगावे, म्हणजे पुढच्या गोळ्यांची सोय करता येईल. कोणाचा आजार कळला तर तो बाजारात बोलू नये. आणि औषध पूर्ण करून कोणी मिस्साला आला, तर त्याच्या बाकावर जाऊन बसावे.

संत पौल ख्रिस्तसभेला एक शरीर म्हणतात. एका अवयवाला दुखले की सगळ्या शरीराला दुखावे, अशी त्यांची अपेक्षा आहे. शरीराचा एखादा भाग दुखेनासा होणे, हेच तर या आजाराचे पहिले लक्षण. आज शांतीचे चिन्ह देताना आपण शेजाऱ्याचा हात हातात घेऊ, तेव्हा ज्याचा हात बरेच दिवस कोणी धरलेला नाही त्याची आठवण ठेवू या. हे प्रभो, आमच्या धर्मग्रामाचा कोणताही भाग बधिर होऊ देऊ नकोस. आमेन.