अविरोधाचा आग्रह

धर्मग्रंथांतील विश्वोत्पत्ती आणि गणिताने व वेधाने ठरविलेली विश्वोत्पत्ती यांचा मेळ घालण्याचा उद्योग पाश्चात्त्य विद्येच्या आगमनानंतर सुरू झाला, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. परंतु इंग्रजी अंमल येण्यापूर्वी कित्येक शतके, ज्या काळी वादाचे दोन्ही पक्ष संस्कृतातच बोलत आणि दोहोंचे अनुयायी एकाच पंक्तीला बसत, त्या काळीही हा उद्योग हिरिरीने चालू होता. पुराणांची पृथ्वी सपाट, मध्ये मेरू, भोवती सात द्वीपे नि सात समुद्र, खाली शेष किंवा कूर्म. भागवताच्या मते तर चंद्र सूर्याच्याही वर. ज्योतिष-सिद्धांतांची पृथ्वी मात्र गोल, अंतराळात निराधार उभी, आणि चंद्र तिच्या सर्वांत जवळ. पंचांग मांडावयाचे ते सिद्धांतावरून आणि संध्याकाळी कीर्तनात ऐकावयाचे ते पुराणातून, अशी ही दुहेरी वहिवाट होती, आणि ती सुखासमाधानाने चालत असली तरी विचारी ज्योतिष्याला तिचा काच जाणवल्यावाचून राहत नसे.

भास्कराचार्यांनी 1150 मध्ये 'सिद्धांतशिरोमणी' लिहिला तेव्हा पृथ्वीच्या आधाराचा प्रश्न त्यांनी निर्भीडपणे निकालात काढला. पृथ्वीला शेषाचा आधार मानावा तर शेषाला कोणाचा, आणि त्यालाही कोणी धरले असेल तर त्याला कोणाचा, ही मालिका कोठे तरी थांबवावीच लागणार. मग पृथ्वीपाशीच ती का थांबवू नये, असा त्यांचा बिनतोड कोटिक्रम आहे. पण हेच आचार्य द्वीपांचा आणि समुद्रांचा विषय निघताच तडजोडीला तयार होतात: मेरू उत्तर ध्रुवावर बसवितात, जंबुद्वीप म्हणजे उत्तर गोलार्ध ठरवितात, क्षारसमुद्र विषुववृत्तावर आणतात आणि उरलेली सहा द्वीपे दक्षिणेकडे, जेथे जाऊन कोणी खातरजमा करणार नव्हते, तेथे मांडून मोकळे होतात. चंद्रग्रहणाच्या वेळी राहूलाही ते भूछायेत प्रवेश देतात. पुढे गोदातीरीच्या पार्थपुरी, म्हणजे आजच्या परभणी जिल्ह्यातील पाथरीस, ज्ञानराजाने 1503 च्या सुमारास 'सिद्धांतसुंदर' रचला. त्यात त्याने पृथ्वीच्या आधाराविषयी खुद्द भास्कराचार्यांशी वाद घातला आणि शेष-वराहादिकांना सिद्धांताच्या चौकटीत पुन्हा जागा करून दिली. भास्कराचार्यांनी पुराणांना जेवढे देणे भाग होते तेवढेच दिले होते. ज्ञानराजाच्या काळी देण्याची बाजू वाढली. विचार नेहमी पुढेच जातो असे समजणाऱ्यांनी ही साडेतीन शतके अवश्य डोळ्यांपुढे ठेवावीत.

एकोणिसाव्या शतकात या वादाला तिसरा पक्षकार मिळाला. माळव्यात सीहोर येथे लान्सलॉट विल्किन्सन नावाचा इंग्रज अंमलदार होता. पंडितांना प्रथम पुराणांवरून सिद्धांतांवर आणि मग सिद्धांतांवरून कोपर्निकसवर आणावे, अशी त्याची तजवीज होती, आणि तिथल्या पाठशाळेतील सुबाजी बापू या विद्वानाने 1836 मध्ये मराठीत 'सिद्धांतशिरोमणिप्रकाश' लिहून पुराण, सिद्धांत आणि कोपर्निकस या तिघांच्या कैफियती एकत्र मांडल्या. मराठी गद्य तेव्हा नुकते कोठे पावले टाकू लागले होते, हे लक्षात घेतले म्हणजे या ग्रंथाचे धाडस कळते. पुण्याहून यज्ञेश्वर ऊर्फ बाबा जोशी रोडे यांनी त्याचा प्रतिवाद केला. पुराणे आणि ज्योतिष यांत मुळी विरोधच नाही, असा त्यांचा पक्ष होता, आणि सुबाजींनी त्यावरही उत्तर लिहिले. रोडे यांना आज हसणे सोपे आहे. मला मात्र त्यांची बाजू अगदीच पोकळ वाटत नाही. जो ग्रंथ भूगोलाच्या कचेरीत एकदा आरोपी म्हणून उभा राहिला, त्याच्या नीतीच्या नि मोक्षाच्या वचनांचीही उद्या झडती होणार, हे भय निराधार नव्हते. त्यांचा इलाज चुकला, निदान चुकले नव्हते.

टिळकांच्या पिढीपर्यंत येता येता सारा रोखच पालटला. आता ग्रंथाचा बचाव करावयाचा नव्हता. नव्या शास्त्राला जे आज सापडले ते आपल्याकडे पूर्वीच होते, असा दाखला काढावयाचा होता. 1915 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त विश्वाच्या उभारणीसंहारणीवर एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्या भागात टिळक सांख्यांच्या प्रकृतीची तुलना जर्मन प्राणिशास्त्रज्ञ हेकेल याच्या जडाद्वैताशी करतात. ही तुलना उथळ नाही. सांख्यांचा पुरुष हेकेलपाशी नाही, हा भेद त्यांनी नीट ओळखला आहे, आणि त्यांचा अंतिम रोख कर्तव्याकडे असल्यामुळे ग्रंथाचा डोलारा या एका खांबावर उभा नाही. तथापि हेकेलचे विश्व अनादि होते. टिळकांच्या पश्चात नऊ वर्षांनी, 1929 मध्ये, हबलने दीर्घिका एकमेकींपासून दूर जात असल्याचा पुरावा प्रसिद्ध केला आणि त्या अनादि विश्वाखालची जमीन सरकली. आज विश्वरचनेच्या प्रश्नावर हेकेलचे मत कोणी विचारीत नाही. ज्या मातब्बर नावाच्या शेजारी सांख्यांच्या कपिलाला मोठ्या सन्मानाने बसविले होते, ते नावच दप्तरातून खारीज झाले.

आजचा अविरोध आकड्यांचा आहे. ब्रह्मदेवाचा दिवस, म्हणजे एक कल्प, 432 कोटी वर्षांचा. आणि पृथ्वीचे वय शास्त्रज्ञ सुमारे 454 कोटी वर्षे सांगतात. तेव्हा ऋषींना ते ठाऊक होते, हे विधान व्याख्यानांतून इतक्या वेळा ऐकू येते की ते कोणी तपासून पाहत नाही. तपासावयास फार विद्वत्ताही लागत नाही. कल्प ही पूर्ण मुदत आहे, सरलेला काळ नव्हे. संकल्पात आपण श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसावे कलियुग असे म्हणतो, त्याचा हिशेब मांडला तर चालू कल्पाची सुमारे 197 कोटी वर्षे गेली आहेत, आणि हा आकडा पृथ्वीच्या वयाच्या निम्म्याहूनही कमी, तर विश्वाच्या 1380 कोटींच्या जवळपासही नाही. शिवाय सिद्धांतकारांना एवढा प्रचंड काळ हवा होता तो सर्व ग्रहांच्या प्रदक्षिणा पूर्णांकात बसाव्यात म्हणून. त्यांच्या या गणिती कौशल्याचे खरे कौतुक करावयाचे सोडून आपण त्यांच्यावर भूगर्भशास्त्र लादतो. नासदीय सूक्ताचीही तीच गत. महास्फोट त्यात शोधणारे बहुधा शेवटच्या ऋचेपर्यंत पोचत नाहीत, कारण हे सारे कोठून झाले ते वरच्या अध्यक्षालाही ठाऊक असेल किंवा नसेल, असा संशय तेथे आहे, आणि संशयाला कोणताच सिद्धांत चिकटविता येत नाही. त्यातून कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर, ज्यांच्या वैज्ञानिक थोरवीचा आपण रास्त अभिमान बाळगतो, ते फ्रेड हॉइल यांच्यासह महास्फोटाला आयुष्यभर पर्याय शोधत राहिले. बहुतेक खगोलशास्त्रज्ञ त्यांच्याशी सहमत झाले नाहीत. पण उद्या झाले असते, तर ऋग्वेदाने काय करावयाचे?

हा प्रश्न एका बेल्जियन धर्मोपदेशकाने आपल्या धर्मगुरूपुढे प्रत्यक्ष उभा केला होता. जॉर्ज लमेत्र यांनी 1927 मध्ये विस्तारणाऱ्या विश्वाचे गणित मांडले आणि 1931 मध्ये त्याचा आरंभ एका आद्य अणूपासून झाला असावा असे सुचविले. 22 नोव्हेंबर 1951 रोजी पोप बारावे पायस यांनी आपल्या विज्ञानपरिषदेपुढे बोलताना या नव्या शास्त्रात बायबलमधील निर्मितीची जणू साक्षच मिळाली असे उद्गार काढले. सिद्धांत लमेत्र यांचा, धर्मही त्यांचाच. दुसरा कोणी असता तर कृतकृत्य झाला असता. लमेत्र अस्वस्थ झाले. आपले अनुमान भौतिकशास्त्राचे आहे, ते उद्या टिकेल वा पडेल, आणि नास्तिकालाही ते तितकेच खुले आहे, अशी त्यांची भूमिका होती. पोपच्या वैज्ञानिक सल्लागाराशी त्यांनी बोलणे केले, आणि पुढील सप्टेंबरात रोम येथे जमलेल्या खगोलशास्त्रज्ञांपुढे पोपने जे भाषण केले त्यात तो दावा पुन्हा आला नाही. त्या वेळी हॉइलप्रभृतींचे स्थिर विश्व महास्फोटाच्या तोडीस तोड उभे होते. पार्श्वप्रारणाचा निर्णायक पुरावा 1965 मध्ये मिळाला. म्हणजे लमेत्र यांनी त्या दाव्याला हरकत घेतली ती आपला सिद्धांत हरत होता म्हणून नव्हे, की जिंकला होता म्हणूनही नव्हे.

अशी भूमिका घ्यावयास आपल्याला परक्याच्या दारी जाण्याचे कारण नव्हते. तैत्तिरीयात आत्म्यापासून प्रथम आकाश झाले, छांदोग्यात सत्‌ने प्रथम तेज निर्मिले, ऐतरेयात तर क्रमाचा पत्ताच नाही; श्रुतींतील या विसंगतीवर शंकराचार्यांचे उत्तर असे की सृष्टीचा तपशील सांगणे हा श्रुतीचा हेतूच नव्हे, तिला ब्रह्म सांगावयाचे आहे. दुसऱ्या अध्यायात तेच आचार्य उत्पत्तिक्रमाचा मेळही घालतात, हे खरे. पण मेळ बसला नाही तर धर्म बुडेल अशी धास्ती तेथे दिसत नाही. अग्नी थंड आहे असे शंभर श्रुतींनी सांगितले तरी ते प्रमाण नव्हे, हे गीताभाष्यात त्यांनीच लिहून ठेवले आहे. व्याख्यानांतील आकड्यांनी ज्यांना भुरळ घातली आहे त्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या पहिल्या अध्यायाचा चौथा पाद उघडून चौदाव्या सूत्रावरचे आचार्यांचे विवेचन एकवार वाचावे.