शाळा की नवी पडवी?



मी हमरापूरचा. आमच्या गावात आणि जोहे-कळव्यात गणपती घडतात. मूर्ती ओली असली की तिला ऊन-वारा लागू नये म्हणून जिवापाड जपतात. तिथून काही मैलांवर वीटभट्ट्या. तिथंही पावसाचा थेंब दिसला की कच्च्या विटांवर धावत जाऊन प्लास्टिक टाकतात. विटा थापणाऱ्या कातकऱ्याच्या पोरावर प्लास्टिक टाकायला कुणी धावत नाही.

दिवाळी सरली की ही कुटुंबं भट्टीवर येतात. पावसाळ्यात पोटासाठी घेतलेली उचल फेडायला. पाऊस तोंडावर आला की परत. सहा-सात महिने पाल्याच्या खोपटात. युद्ध नाही, फाळणी नाही, तरी ही छावणीच. सरकार यांना निर्वासित म्हणत नाही, 'हंगामी स्थलांतरित' म्हणतं. शब्द मऊ आहे, जमीन तेवढीच कडक. १९३१ साली मणिभवनात बाबासाहेबांनी गांधींना तोंडावर सांगितलं होतं की मला मायभूमी नाही. त्या वाक्याचा अर्थ मला पुस्तकात कळला नव्हता, भट्टीवर कळला.

दोन हंगामांपूर्वी आम्ही तिघांनी एका भट्टीवर संध्याकाळचा वर्ग काढला. मुकादमानं लगेच होकार दिला, वर एक बल्बही ओढून दिला. आम्ही खूश. तेव्हा आमच्या वाड्यातल्या तात्यांनी अडवलं. म्हणाले, "बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर वेगळं बसवलं. तुम्ही या पोरांसाठी नवं गोणपाट अंथरता काय रे?"

हा प्रश्न मला झोपू देईना. आपली लढाई एकाच वर्गात बसायची होती. १९२३ च्या बोले ठरावात पाणवठे आणि शाळा एकत्रच होत्या. त्या ठरावाच्या बळावर १९२७ साली याच जिल्ह्यात, महाडला, आपण पाण्यात हात घातला. मग आदिवासीच्या पोराला वेगळी शाळा कशी चालेल?

पण वेगळी शाळा नेहमीच अपमान असते का? दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत राजवटीनं हाकललेले सुमारे पाच हजार पोलिश लोक कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४८ राहिले. बहुतेक बाया आणि मुलं. त्यांना त्यांच्या भाषेत शाळा मिळाल्या. त्या शाळेनं पोरांना सांगितलं, तुम्ही कुणीतरी आहात.

दुसरं उदाहरण आपल्या रक्ताचं. १९४६ साली जोगेंद्रनाथ मंडल आणि बंगालच्या नामशूद्रांनी बाबासाहेबांना घटना समितीवर निवडून पाठवलं. फाळणीनं तेच नामशूद्र निर्वासित झाले, अनेकांना दंडकारण्यातल्या छावण्यांत कोंबलं. १९७८ साली हजारो जण सुंदरबनातल्या मरिचझांपी बेटावर गेले. सरकारी मदतीवाचून त्यांनी वस्ती उभारली, आणि तिच्यात शाळाही. १९७९ च्या जानेवारीत सरकारनं बेटाची नाकेबंदी केली, गोळ्या घातल्या, मे महिन्यात खोपटी जाळून हुसकून लावलं. शाळाही गेली. उपाशी माणसं आधी शाळा का बांधतात? कारण शाळा म्हणजे 'आम्ही इथं राहणार' याची घोषणा.

म्हणजे प्रश्न वेगळेपणाचा नाही. भिंत कुणी घातली आणि दार कुणीकडे उघडतं, याचा आहे. साताऱ्याचं गोणपाट बाहेर ठेवण्यासाठी होतं. मरिचझांपीची शाळा आत येण्यासाठी होती. ठाणे जिल्ह्यात विधायक संसदेनं नव्वदच्या दशकात वीटभट्ट्यांवर भोंगा शाळा काढल्या. मजुराच्या खोपटाचं, भोंग्याचंच नाव शाळेला. तिथंही कसोटी हीच.

ही कसोटी आमच्या वर्गाला लावली आणि मान खाली गेली. मुकादमानं बल्ब का दिला ते कळलं. संध्याकाळचा वर्ग मालकाला परवडत होता. दिवसभर पोर विटा उलथणार, धाकट्याला सांभाळणार, रात्री आम्ही अ-आ-ई शिकवणार. पोराचा दिवस मालकाचा, आणि आमच्या मनाला समाधान!

मग आम्ही सात पोरं घेऊन सकाळी एका गावच्या शाळेत गेलो. गुरुजी म्हणाले, "यांची नावं त्यांच्या गावच्या पटावर आहेत." तिकडच्या पटावर गैरहजर, इकडच्या पटावर नाहीच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं दाखला आला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. तो कागद घेऊन तीन हेलपाटे घातले, तेव्हा चौघांची नावं लागली. त्यातली दोन महिन्याभरात गळाली. एकीची आई म्हणाली, "भाऊ, पोर साळंत गेली तर धाकट्याला कोन धरील? हजारी भरली नाय तर उचल कोन फेडील, तुमी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण त्या बाईनं आमच्या चळवळीला धडा दिला. उचल आणि शाळा हे दोन प्रश्न नाहीत. हजार विटांचा दर वाढल्याशिवाय पोराचा हात विटेवरून सुटत नाही. पाटी वाटणं सोपं आहे, दर मागणं अवघड. कारण पाटीला मुकादम बल्ब देतो. दर मागितला की तो बल्ब काढून नेतो.

आमचा वर्ग आजही चालतो, पण आता सकाळी. गावच्या वर्गात मागं पडणाऱ्यांना तयार करायला. आणि दराची बोलणी सुरू केली आहेत. बल्ब गेला आहे.

तात्यांना अजून पटलेलं नाही. त्यांनी तसंच अडवत राहावं. आपल्या हातून नवी पडवी बांधली जाते आहे का, हे विचारणारं माणूस प्रत्येक शाखेत एक तरी पाहिजे.

जय भीम.