तपासाची कादंबरी आणि इन्स्पेक्टर घोटे

रहस्यकथा आणि तपासकथा एकाच घराण्यातल्या असल्या तरी एकीचा सारा जीव ‘कोणी केले’ या प्रश्नात गुंतलेला असतो आणि दुसरीचा ‘हे शाबीत कसे करायचे’ या प्रश्नात; पहिलीचा नायक नुसता बुद्धिमान असला म्हणजे पुरते, दुसरीच्या नायकाला मात्र वरिष्ठांची मर्जी, हाताखालच्यांचा आळस, साक्षीदारांच्या अडचणी आणि स्वतःच्या सदसद्विवेकबुद्धीची टोचणी हे सारे सांभाळून रोज सकाळी कचेरीत हजर व्हावे लागते. हा भेद माझ्या ध्यानी आणून देणारा लेखक ना वऱ्हाडातला होता ना मुंबईचा. एच. आर. एफ. कीटिंग हे १९२६ साली इंग्लंडातील ससेक्स परगण्यात जन्मलेले वृत्तपत्रव्यवसायातले गृहस्थ, आणि त्यांनी निर्माण केलेला गणेश घोटे हा मुंबई सी. आय. डी.मधला मराठी इन्स्पेक्टर. त्याची पहिली कादंबरी ‘द परफेक्ट मर्डर’ १९६४ साली निघाली आणि तिला इंग्लंडातील गुन्हेकथालेखकांच्या संस्थेचे सुवर्णखंजीर पारितोषिकही मिळाले. वास्तविक त्या वेळी कीटिंगसाहेबांनी मुंबई पाहिलेलीच नव्हती. पाहिलीही थेट १९७४ साली, तीही आपल्या शहरावर न पाहता लिहिणारा हा कोण अशा कुतूहलाने एअर इंडियाने त्यांना विमानाने आणले म्हणून!

मी या कादंबऱ्या वाचल्या त्या बुलढाणा जिल्ह्यातील न्यायकचेऱ्यांच्या कारकुनीत उमेदीची वर्षे घालवीत असताना. मलकापूरच्या फलाटावर जुनी इंग्रजी पुस्तके स्वस्तात मिळत, आणि एस. टी. राजूरचा घाट चढू लागली की बुलढाणा येईपर्यंत घोटे एखाद्या नव्या संकटात सापडलेला असे. दिवसभर दप्तरात ज्या कागदांचे ढीग उपसायचे, त्याच कागदांची कथा रात्री कंदिलाशी वाचायची, यात कंटाळ्याऐवजी आनंद का वाटावा, याचा शोध घेणे हा या लेखाचा एक हेतू आहे.

माझ्या पिढीचे रहस्यवाचन अर्थातच बाबुराव अर्नाळकरांपासून सुरू झाले. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे मूळ नाव. मुंबईत चष्म्यांचे दुकान चालवून या माणसाने हजाराहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या, आणि १९९६ साली ते निवर्तले तेव्हा महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या वाचनालयात शिवणी उसवेपर्यंत वाचली गेलेली पुस्तके कोणाची, हे विचारण्याची गरज नव्हती. झुंझार, काळा पहाड, धनंजय ही नावे आमच्या शाळेत क्रमिक पुस्तकांतील ऐतिहासिक पुरुषांहून अधिक परिचयाची होती. त्या ऋणाविषयी मला यत्किंचितही संकोच नाही. मराठी मुलखातील असंख्य माणसांना वाचनाची गोडी लावण्याचे श्रेय प्रतिष्ठित साहित्याने त्यांना मोकळ्या मनाने कधी दिले नाही, हा कद्रूपणाच होय. परंतु त्या विश्वात न्याय बहुधा कायद्याच्या वेशीबाहेर होत असे. नायक बुरखा चढवी, भिंतीवरून उडी टाकी, खलनायकाला धडा शिकवी. पोलीस यायचे ते सगळे आटोपल्यावर, बेड्या ठोकण्यापुरते. त्या बेड्या ठोकणाऱ्याला रात्री झोप लागते की नाही, हा प्रश्न तिथे कोणाला पडत नसे.

घोट्याला झोप लागत नाही. पहिल्याच कादंबरीत त्याच्यावर एकाच वेळी दोन कामगिऱ्या येऊन पडतात: लाला वर्दे नामक धनाढ्य व्यापाऱ्याच्या परफेक्ट आडनावाच्या पारशी चिटणिसावर झालेला हल्ला, आणि मंत्रिमहोदयांच्या टेबलावरून नाहीशी झालेली एक रुपयाची नोट. मंत्रिमहोदयांकडे पोलीस आणि कला अशी दोन खाती असतात, ही कल्पना लंडनमध्ये बसलेल्या माणसाला सुचली याचे कौतुक करावे की आपल्याकडचे खातेवाटप पाहून निमूट बसावे, हे वाचकाने ठरवावे. रुपयाचा तपास हा विनोद आहे खरा. पण वरून हुकूम सुटला की रुपयासाठीही जबान्या घ्याव्या लागतात, टिपणे ठेवावी लागतात, आणि महत्त्वाच्या गुन्ह्याचा वेळ त्यात खर्ची पडतो, हे सरकारी नोकराला उमगावे तसे इतरांना उमगणार नाही. घोट्याचा आधार म्हणजे हान्स ग्रॉस या ऑस्ट्रियन पंडिताचा गुन्हेतपासावरील जाडजूड ग्रंथ. तो त्याला जिवापलीकडे जपतो, आणि ग्रंथात सांगितलेले काही मुंबईच्या रस्त्यावर घडत नाही म्हणून पुनःपुन्हा खट्टू होतो.

आता जो मुद्दा मला विशेष महत्त्वाचा वाटतो त्याकडे वळतो. इंग्रजी रहस्यकथेचा शेवट दिवाणखान्यात होतो: सर्व संशयित जमतात, गुप्तहेर तर्काची साखळी उलगडतो आणि अपराधी उद्विग्न होऊन कबुली देतो. आपल्या देशात हा शेवट न्यायालयाच्या दृष्टीने शून्य किमतीचा आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याने पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करण्यास मनाई केली, आणि २०२४ साली नवे कायदे अमलात आले तरी हा दंडक कायम आहे. अपवाद एवढाच की आरोपीने सांगितल्यावरून एखादी वस्तू प्रत्यक्ष सापडली, तर त्या शोधाशी निगडित असलेला तेवढाच मजकूर ग्राह्य. म्हणजे आपल्या इन्स्पेक्टरला गुन्हेगार कळून भागत नाही; त्याला कुऱ्हाड सापडावी लागते, ती दोन पंचांसमक्ष सापडावी लागते, आणि ती सापडली हे त्या पंचांनी पुढे कधीतरी कठड्यात उभे राहून सांगावे लागते. तात्पर्य, तपासकथा ही जात आपल्या भूमीत आयात करावी लागत नाही. आपल्या कायद्यानेच तिची पेरणी करून ठेवली आहे.

ते पंच मी पाहिलेले आहेत. कपाशीच्या काळ्या मातीने माखलेली कुऱ्हाड गोणपाटात गुंडाळून, सुतळीने आवळून, गाठीवर लाखेची मोहोर उमटवून न्यायालयापुढे येई. तिला बांधलेल्या चिठ्ठीवर पंचांपैकी एकाची सही वळणदार आणि दुसऱ्याचा अंगठा शाईत फाकलेला. घटनेला काही वर्षे लोटलेली असत. पेरणीचे दिवस सोडून आलेला तो शेतकरी बाहेरच्या बाकावर उकिडवा बसे, सुनावणी तहकूब झाली की मुकाट एस. टी. गाठी, आणि अखेर जेव्हा त्याला कोणी विचारी की जप्त केलेल्या सदऱ्याला गुंड्या किती होत्या, तेव्हा तो न्यायाधीशांकडे अशा काही मुद्रेने पाही की त्यात अज्ञान नसे, केवळ विस्मय असे. तो फितूर झाला असे नोंदवले जाई. त्याच्यावर दडपण आले, त्याला विस्मरण झाले, की त्याने कोऱ्या कागदावर अंगठा दिला होता, या तिन्ही शक्यतांमध्ये एकेक कादंबरी दडलेली आहे. अमेरिकन लेखक एड मॅकबेन यांनी १९५६ पासून आपल्या पोलीसठाण्याच्या मालिकेत अहवाल आणि छापील नमुने थेट कथेतच छापले, ते वाचताना मला प्रथम आठवली ती ही चिठ्ठी.

कीटिंग यांची १९८६ सालची ‘अंडर अ मान्सून क्लाउड’ ही कादंबरी मी त्यांची सर्वश्रेष्ठ कृती मानतो. ‘टायगर’ केळकर हा घोट्याचा आदर्श वरिष्ठ. कर्तव्यकठोर, ढिलाईचा कर्दनकाळ. डोंगरावरच्या एका ठाण्यात, पावसाच्या रात्री, तो संतापाच्या भरात एका गबाळ्या पोलिसाला दौत फेकून मारतो आणि तो माणूस मरतो. घोटे प्रेताची विल्हेवाट लावण्यास हातभार लावतो. लोभाने नव्हे, भीतीनेही नव्हे. असा अधिकारी खात्यातून गेला तर खात्याचेच नुकसान होईल, या प्रामाणिक समजुतीने. पुढे चौकशी लागते, आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या जबान्या घेणाऱ्याची स्वतःची जबानी सुरू होते. सज्जनपणातून अपराध कसा उगवतो याचे इतके सूक्ष्म चित्रण मी अन्यत्र क्वचितच वाचले.

मराठीत पोलिसाच्या अंतःकरणात कोणी शिरलेच नाही असे मात्र नव्हे. श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही कथा, जिच्यावरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि गोविंद निहलानींनी १९८३ साली ‘अर्धसत्य’ काढला, ती या बाबतीत मैलाचा दगड आहे. तिथला पोलीस अधिकारी वेलणकर मोडून पडतो. घोटे वाकतो, लाजतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर जातो. पहिल्यात शोकांतिकेचे तेज अधिक आहे हे मान्य. पण खात्यात बहुसंख्या वाकणाऱ्यांची असते, आणि त्यांचे चरित्र लिहिण्यास एका परक्या माणसाने साठएक वर्षांपूर्वी आरंभ केला, ही गोष्ट आपल्या कादंबरीकारांनी मनाला लावून घ्यावी अशी आहे.

कीटिंग यांचे दोष झाकण्याचे कारण नाही. त्यांची पात्रे ज्या तऱ्हेचे मोडके इंग्रजी बोलतात त्यात परकीयाची गंमत डोकावते. मराठी शाळामास्तराच्या मुलाची बायको बंगाली कशी, याचा उलगडाही सहजासहजी होत नाही. परंतु कारुण्याला भूगोलाचा दाखला लागत नाही, आणि ते त्यांच्यापाशी विपुल होते.

अपराध आणि दोष एकाच माणसाच्या पदरात मावत नाहीत, हा जो या कादंबऱ्यांचा आतला सूर, तो आमच्या जिल्ह्याला नवा नाही. १८८१ साली सुरतेच्या न्यायालयाने विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशी फर्मावली, आणि अपिलात ती शिक्षा सौम्य झाली. त्यावर वृत्तपत्रांतून स्त्रीजातीच्या नीतिमत्तेविषयी जो गदारोळ उठला, त्याला उत्तर दिले ते बुलढाण्यातून: डेप्युटी कमिशनरच्या कचेरीतले हेडक्लार्क बापूजी हरी शिंदे यांच्या कन्या ताराबाई यांनी, ‘स्त्रीपुरुषतुलना’ या १८८२ साली पुण्यात छापल्या गेलेल्या पुस्तकाने. घडलेल्या कृत्याचा निकाल न्यायालयाने दिलाच होता. ताराबाईंनी विचारले ते असे, की ज्यांच्यावाचून असे अर्भक जन्मासच येत नाही त्या पुरुषांचे नाव या कागदांत कुठे आहे. कारकुनाच्या घरात वाढलेल्या बाईने दप्तरात काय लिहिले आहे यापेक्षा काय लिहिलेले नाही याकडे बोट दाखवावे, यात मला नवल वाटत नाही.

२००० सालानंतर कीटिंग यांनी घोट्याला निरोप दिला होता. पण २००८ साली ते त्याच्या पहिल्या कामगिरीकडे परतले. नुकताच बढती मिळालेला घोटे, घरी पत्नी गरोदर, आणि त्याला महाबळेश्वरास पाठवले जाते ते एका इंग्रज गृहस्थाच्या गरोदर पत्नीने स्वतःला गोळी का घातली हे शोधण्यासाठी. फिर्याद नाही, आरोपी नाही, दाखल गुन्हा नाही. खात्याच्या रिवाजाप्रमाणे या कामाला तपास म्हणताच येत नाही. तरीही घोटे दारोदार हिंडून प्रश्न विचारीत राहतो.