‘ॲडजस्ट’ कोणी करायचे?



इंग्रजी न शिकलेल्या आजीलाही ‘ॲडजस्ट’ हा शब्द येतो. भंडारा-नागपूर एसटीत तिघांच्या बाकावर चौथा बसतो तो याच शब्दावर. टेलर ब्लाऊज ॲडजस्ट करतो, दुकानदार उधारी पुढच्या बिलात ॲडजस्ट करतो. धानाच्या रोवणीत आपण मिस्साची वेळही ॲडजस्ट करतो. आणि सासरी निघालेल्या लेकीला आई सांगते, “ॲडजस्ट करून घेजो, बाई.”

एसटीत सगळेच थोडे थोडे सरकतात. घरात मात्र एकच माणूस सरकत राहतो. शेवटी त्याला बसायला जागाच उरत नाही.

मी दुसऱ्या धर्मग्रामात असताना एक भगिनी भेटायला आली. नवरा मारतो, म्हणाली. मी सांगितले, “प्रार्थना करा, थोडे ॲडजस्ट करा.” ती काही न बोलता उठली. पुढच्या रविवारी ती पदर कपाळापर्यंत ओढून शेवटच्या बाकावर बसली होती. माझा सल्ला माझ्या सोयीचा होता, हे मला तेव्हा कळले.

या शब्दाचे मूळ लॅटिन ‘युक्स्ता’, म्हणजे ‘जवळ’. पुढे लोकांनी त्याचे नाते ‘युस्तुस’, म्हणजे ‘न्याय्य’, या शब्दाशी जोडले. व्युत्पत्ती चुकली, पण शिकवण चांगली मिळाली. जवळ यायचे, तर न्यायही हवा.

लूकच्या शुभवर्तमानातला (अध्याय १९) जक्कय आठवा. प्रभू येशू स्वतः त्याच्या घरी गेला. पण जक्कयने आपली लबाडी ‘ॲडजस्ट’ करून घेतली नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि फसवलेल्यांना चौपट परत, असे त्याने सांगितले. तेव्हा त्या घराला तारण लाभले.

विवाह हा पवित्र संस्कार आहे. मार खाणे हा त्या संस्काराचा भाग नाही. जोडीदारामुळे शरीराला किंवा आत्म्याला गंभीर धोका असेल, तर विवाहबंध कायम ठेवून वेगळे राहण्याची वाट चर्चच्या १९८३ च्या विधिसंहितेत (कलम ११५३) आहे. देशाचा २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदाही संरक्षण देतो.

आज घरी जेवताना एकमेकांकडे पाहा. आपल्या घरात नेहमी कोण सरकते? या आठवड्यात दुसऱ्याने सरकावे. आणि कोणी भगिनी माझ्या दाराशी आली, तर मी आधी तिचे पूर्ण ऐकेन, असे वचन देतो.

प्रभू तुमच्या घरांना शांती देवो.

तुमचा,
प्रमुख धर्मगुरू