‘तुम्ही तर किती खंबीर!’ हे म्हणावं की नाही?

 

आमच्या बडोद्यात पावसाळ्यात लोक आता आभाळाआधी मोबाइल बघतात. विश्वामित्री किती फूट? ही सवय ऑगस्ट २०२४ ची. जन्माष्टमीच्या दिवशी, २६ तारखेला धो धो पाऊस झाला, आजव्याचं पाणीही आलं आणि नदी ३५ फुटांच्या पुढे गेली. अकोटा, मुजमहुडा, समा, फतेहगंज, किती ठिकाणी घरांत पाणी शिरलं. लाइट नाही, दूध नाही, आणि पाण्यात मगर असेल ही धास्ती वेगळीच. (बाहेरगावचे नातेवाईक याला हसतात. पण विश्वामित्रीत मगरी आहेत, त्याला आम्ही काय करणार!)

पाणी उतरल्यावर आम्ही सेविका दोघी-दोघी मिळून घरोघर गेलो. चहा-पोहे, मेणबत्त्या, कोरड्या चादरी, फिनाईल असं जमेल ते नेलं. सेवा चांगली झाली. पण एक चूकही झाली, ती सांगायलाच हवी.

तळमजल्यावर राहणाऱ्या आपल्या एका ताईंनी सासूबाईंना धरून अख्खी रात्र स्वयंपाकघराच्या ओट्यावर अंधारात काढली होती. आम्ही गेलो तेव्हा त्या तीच हकिगत पुन्हा पुन्हा सांगत होत्या. आम्हाला अजून चार घरं करायची होती. आम्ही म्हटलं, "ताई, तुम्ही तर किती खंबीर! माउलींनी परीक्षा घेतली आणि तुम्ही पास झालात." त्या हसल्या. नंतर दोन महिने सत्संगाला आल्या नाहीत.

शेवटी आम्हीच गेलो, तेव्हा म्हणाल्या, "तुम्ही मला पास करून टाकलंत. मग रडायचं कुठे? रात्री नळाचा आवाज आला तरी मी उठून बसते. पास झालेलं माणूस असं करतं का? माझी श्रद्धाच कच्ची असणार."

आम्ही गप्प झालो. आम्ही शाबासकी म्हणून दिलेला शब्द त्यांच्यासाठी ओझं झाला होता. आणि खरं सांगायचं तर आमच्याही मनात हेच बसलेलं होतं, की श्रद्धा असली की भीती नसते. भीती वाटते म्हणजे नामात कुठेतरी कमी पडलो.

गीतेच्या वर्गात मग यावर बोलणं निघालं. पहिल्या अध्यायात अर्जुनाचे हातपाय गळतात, धनुष्य हातातून सुटतं. त्या अध्यायाचं नाव काय? अर्जुनविषादयोग. विषादालाही योग म्हटलंय! भगवंत त्याला रागावतात, हे खरं, पण रागावून निघून जात नाहीत. अठरा अध्याय रथावर थांबतात. आम्ही मात्र दहा मिनिटांत शाबासकी देऊन चपला घातल्या.

आणि ताटीचे अभंग? लोकांनी दुखावलं म्हणून ज्ञानेश्वर माउलींनी दार लावून घेतलं होतं. धाकट्या मुक्ताईने दाराबाहेर उभं राहून त्यांना ते कोण आहेत याची आठवण दिली. माउली आत जाऊन बसले म्हणून आजवर कुणी त्यांना कमी लेखलं नाही. मग आपल्या ताईंनी नळाच्या आवाजाची लाज का धरावी?

पण याची दुसरी बाजूही आहे. आमच्यातल्याच काही जणी भेटेल तिथे "अगं बाई, काय भोगलंत हो!" असं सुरू करायच्या. भाजी घेताना, देवळात, लिफ्टमध्येसुद्धा. असं रोज ऐकलं की माणसाला वाटायला लागतं, मी म्हणजे तो पूर, बाकी माझं काही उरलंच नाही. कोल्हापूरच्या नसीमादीदी हुरजूक यांचं ‘चाकाची खुर्ची’ आमच्यापैकी बऱ्याच जणींनी वाचलंय. १६ व्या वर्षी कमरेखालचं शरीर निकामी झालं, अगदी निराश झाल्या. मग स्वतः अपंग असलेले बाबूकाका दिवाण त्यांना भेटले. आपल्यासारखाच माणूस स्वतःची गाडी चालवतो, व्यवसाय करतो, हे दीदींना दिसलं आणि स्वतःकडे बघण्याची नजर बदलली. पाय काही परत आले नाहीत. १९८४ मध्ये त्यांनी ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. ‘खंबीर’ आणि ‘बिचारी’, दोन्ही शिक्के बाहेरच्यांचे. दीदींनी स्वतःचं नाव स्वतः ठरवलं, आणि त्याला वेळ लागला.

डॉक्टरही सांगतात की अशा धक्क्यानंतर पहिले काही आठवडे झोप उडणं, दचकणं, तेच तेच डोळ्यांपुढे येणं स्वाभाविक आहे. बहुतेकांचं ते हळूहळू कमी होतं. महिना उलटूनही कमी होत नसेल, घरकाम सुचत नसेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर थांबू नका. १४४१६ हा सरकारचा टेली-मानस नंबर आहे, फोन फुकट लागतो. कारेलीबागेत मानसिक आरोग्याचं सरकारी हॉस्पिटलही आहे. "जप आहे ना, डॉक्टर कशाला?" असं कृपा करून कुणाला म्हणू नका. जप करता करता डायबिटीसची गोळी आपण घेतोच की!

त्या ताई आता सत्संगाला येतात. पावसाळ्यात रोज सकाळी ग्रुपवर नदीचे फूट टाकतात. सुरुवातीला आम्ही सवयीने "काळजी नको ताई, माउली आहेत" असं लिहायचो. आता ज्यांच्या गल्लीत पाणी साचलंय त्या तेवढंच कळवतात. तळमजल्यावर कोण कोण म्हातारी माणसं आहेत, त्यांची यादी या ताईंनीच केली आहे. एकदा म्हणाल्या, "मी घाबरट नाही झाले. मी पाणी बघितलेली बाई आहे."

नळाच्या आवाजाने अजून जाग येते का, असं परवा विचारलं.

"कधी कधी येते," म्हणाल्या, आणि प्रसादाच्या शिऱ्याला रवा भाजायला घेतला.