कोळशांचा विस्तव

आजचं वचन: योहान 21:1-19



ईस्टर होऊन आठवडा झाला. पहाटे चार वाजता उठून आपण कबरस्तानात गेलो, आजी-आजोबांच्या कबरींवर मेणबत्त्या लावल्या, उजाडताना गाणी गायली. स्टेटस ठेवून झाले. आणि सोमवारी पुन्हा तीच लोकल, तेच ऑफिस. मग पुनरुत्थानाचं काय झालं? रविवारी जो उठला, त्याचा माझ्या सोमवारशी काय संबंध?

आजच्या शास्त्रभागात पेत्रही असाच कामावर परतलेला दिसतो. प्रभू उठला आहे हे त्याला माहीत आहे, त्याने त्याला पाहिलंही आहे. तरी तो मासे धरायला जातो. रात्रभर जाळी रिकामी राहते. पहाटे किनाऱ्यावर प्रभू उभा असतो. सांगितलेल्या बाजूला जाळं टाकल्यावर 153 मोठे मासे लागतात. आपण सहसा या माशांबद्दल ऐकतो. यंदा मात्र मी एका वेगळ्याच गोष्टीपाशी अडखळलो: किनाऱ्यावर पेटलेला कोळशांचा विस्तव.

योहानाने इथे वापरलेला ग्रीक शब्द आहे 'अँथ्राकिया'. नव्या करारात तो फक्त दोनदा येतो. एकदा इथे, आणि त्याआधी 18व्या अध्यायात, प्रमुख याजकाच्या अंगणात. त्या रात्री थंडी होती, नोकरांनी कोळसे पेटवले होते आणि पेत्र त्यांच्यात उभा राहून शेकत होता. तिथेच त्याने, मी याला ओळखत नाही, असं सांगितलं. एकदा नाही, तीनदा.

आता कल्पना करा. तोच वास, तीच धग, आणि समोर तोच प्रभू. न्याहारी झाल्यावर प्रश्न येतो, माझ्यावर प्रीती करतोस का? तोही तीनदा. तिसऱ्या वेळी पेत्राला वाईट वाटलं, असं वचन सांगतं. वाटणारच. जखम नेमकी कुठे आहे ते प्रभूला ठाऊक होतं, आणि त्याने तिथेच हात ठेवला.

खरं सांगू? मला इथे थांबावंसं वाटत नव्हतं. काही वर्षांपूर्वी एका कंपनीत माझी आणि एका मैत्रिणीची मिळून एक मोठी चूक झाली. मीटिंगमध्ये विचारलं गेलं, हे कोणी केलं? मी लॅपटॉपकडे बघत राहिलो. दोष तिच्या एकटीवर गेला आणि काही महिन्यांत तिने नोकरी सोडली. त्यानंतर कितीतरी ईस्टरला मी कॉयरमध्ये उभा राहून 'प्रभू उठला आहे' म्हणत गायलो. मनात धरून बसलो होतो की झालं गेलं पुसलं गेलं, प्रभूने क्षमा केली, विषय संपला.

पण पुनरुत्थान म्हणजे पुसून टाकणं असतं का? उठलेल्या प्रभूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच होते; थोमाला त्याने तेच दाखवले. लाजर उठला, याईराची मुलगी उठली, पण ते याच जीवनात परतले आणि पुढे कधीतरी पुन्हा मेले. प्रभू मात्र पुन्हा न मरण्यासाठी उठला, हे पौल रोमकरांस पत्राच्या 6व्या अध्यायात सांगतो. आणि त्या नव्या जीवनातही व्रण आहेत! म्हणजे जे घडलं ते घडलंच. फक्त आता त्याची सत्ता उरलेली नाही.

पेत्राचंही तसंच. प्रभूने त्याला, जाऊ दे रे, असं म्हटलं नाही, आणि नालायक ठरवून बाजूलाही सारलं नाही. विस्तवापाशी बसवलं, जेवू घातलं, खरं बोलायला लावलं आणि मग आपली मेंढरं त्याच्या हाती सोपवली. क्रम लक्षात घ्या. भाकर आधी, प्रश्न नंतर. प्रीती आधीच वाढलेली होती, म्हणूनच पेत्राला खरं ऐकणं सोसलं.

मी गुरुवारी तिला फोन केला. सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "हे तू तेव्हा बोलायला हवं होतंस." बरोबर होतं तिचं. तिने माफ केलं की नाही, मला कळलं नाही, आणि तो माझा हक्कही नाही. जुन्या मॅनेजरला काय लिहू, असं तिला विचारलं. "जे झालं ते लिही," ती म्हणाली. ते मी लिहून पाठवलं.

हात थरथरत होते. पण कितीतरी वर्षांनी त्या मीटिंगची आठवण आली तेव्हा मी नजर वळवली नाही. कबरीवरची धोंड सरकते ती बहुतेक अशीच.

मित्रांनो, तुमचा कोळशांचा विस्तव कुठे आहे? कोणता वास, कोणतं नाव, कोणता नंबर तुम्ही टाळता? प्रभू तिथे तुमच्या आधी पोहोचला आहे. त्याने न्याहारीही तयार ठेवली आहे.

प्रार्थना: प्रभू येशू, तू जिवंत आहेस. जिथे मी तुला आणि माझ्या माणसांना नाकारलं, तिथे मला परत ने. आधी तुझ्या हातची भाकर दे, मग खरं बोलायचं धैर्य दे. आमेन.